पिन ओक दरवर्षी मे महिन्यात पिवळा पडतो: लोह टाकूनही का सुटत नाही, आणि शुमार्ड ओक कुठे चालतो

दरवर्षी तेच होतं. मार्चअखेर पिन ओकला पालवी फुटते, आठ-दहा दिवस कोवळी पानं पोपटी दिसतात, आणि मे उजाडला की गडद हिरवी होण्याऐवजी ती पिवळी पडत जातात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, मधला भाग लिंबाच्या सालीसारखा. जुलैत कडा करपतात, ऑगस्टमध्ये शेंड्याकडच्या फांद्या उघड्या पडतात. लोह टाकलं की काही दिवस बरं वाटतं. पुढच्या मे महिन्यात झाड पुन्हा पिवळं.

टेक्ससमध्ये डॅलसच्या उत्तरेला प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी या भागात घर घेतलेल्या आपल्या लोकांकडून मी ही तक्रार सारखी ऐकते, आणि आमच्याच अंगणात मी ती चार वर्षं सोसली आहे. त्या चार वर्षांत मी तीन वेगवेगळी लोहाची खतं टाकली, गंधक टाकलं, पाणी वाढवलं, पाणी कमी केलं. खरा प्रश्न खताचा नव्हताच. जमीन एका प्रकारची आणि झाड दुसऱ्या प्रकारच्या जमिनीचं, हे मला फार उशिरा कळलं.

कळलं तेही सांगलीकडच्या वाळवा तालुक्यातून. व्हिडिओ कॉलवर गावाकडच्या आप्पांना झाड दाखवत होते. त्यांनी एक पान कॅमेऱ्याजवळ धरायला लावलं आणि लगेच म्हणाले, "अगं, ह्याला केवडा म्हणत्यात. चुनखडीच्या रानात उसाला पडतो तसा. तिथं जमीन कसली हाय?"

"काळी आहे आप्पा. उन्हाळ्यात भेगा पडतात, आपल्या मळ्यासारख्या."

"मग झाडाला काय बोल लावतीस?"

उसाचा केवडा, म्हणजे लोह न मिळाल्याने पान पिवळं पडणं, ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे पान ओळखायला वेळ लागणार नाही. टेक्ससचा हा पट्टा 'ब्लॅकलँड प्रेअरी' म्हणून ओळखला जातो. दख्खनची काळी माती आणि ही माती मृदाशास्त्रात एकाच गटात मोडतात: ओली झाली की फुगणारी, वाळली की भेगाळणारी चिकण. आपली काळी जमीन बेसाल्टच्या खडकापासून झाली, इथली खडू आणि चुनखडीच्या थरांपासून. त्यामुळे इथे चुना अगदी पोटातच आहे. सामू, म्हणजे मातीचा पीएच, साडेसात ते साडेआठच्या घरात. नळाचं पाणीसुद्धा अल्कधर्मी, म्हणजे दर पाण्याबरोबर त्यात भरच पडते.

आधी हा केवडाच आहे ना, ते बघा

पिवळं पान दिसलं की लोह, असं समीकरण मांडू नका. लोह झाडाच्या अंगात एका पानातून दुसऱ्या पानात सहज जात नाही, म्हणून त्याची कमतरता नेहमी शेंड्याच्या नव्या पानांवर आधी दिसते. जुनी, खालची पानं आधी पिवळी आणि नवी ठीक असतील तर नत्राकडे बघा. एकाच फांदीची पानं पिवळी असतील तर त्या फांदीला इजा झाली आहे का, किंवा त्या बाजूच्या मुळांवरून कुणी खोदकाम केलं आहे का, ते तपासा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा हे चित्र मँगेनीजच्या कमतरतेतही येतं. चुनखडीच्या जमिनीत दोन्ही बरोबरीने असू शकतात आणि नुसत्या डोळ्यांनी ते वेगळे काढणं अवघड असतं. अंगणात तण मारायचं औषध मिसळलेलं गवताचं खत टाकलं असेल तर तेही लक्षात घ्या. ओकची मुळं गवताखालीच पसरलेली असतात. गवतासाठी टाकलेलं ते औषध त्यांनाही पोचतं आणि पानं पिवळी पडू शकतात.

एक साधी तपासणी घरीच होते. बुंध्यापासून चार-पाच फुटांवर, फूटभर खोलीवरचं ढेकूळ काढा, वाळू द्या, बशीत ठेवा आणि त्यावर पांढरं व्हिनेगर ओता. मी हे केलं तेव्हा ढेकळावर सोड्यावर लिंबू पिळल्यासारखा फेस आला, चरचर आवाज झाला आणि पांढरे बुडबुडे बशीभर झाले. असा फेस आला तर जमिनीत मोकळा चुना आहे. फेस आला नाही तर तुमचा प्रश्न वेगळा असण्याची शक्यता मोठी; तेव्हा रीतसर माती परीक्षण करून घ्या. टेक्ससमध्ये कॉलेज स्टेशनच्या टेक्सस ए अँड एम विद्यापीठाची माती प्रयोगशाळा टपालाने नमुने घेते. नव्या वसाहतीत राहत असाल तर दोन-तीन ठिकाणची माती तपासा. घराचा पाया खणताना खालची पांढरी माती वर येते आणि त्यावरच गवताची पट्टी अंथरली जाते. सिमेंटचे तुकडेही तिथेच पुरले जातात. आमच्याकडे रस्त्याच्या बाजूला फेस जास्त आला, मागच्या अंगणात कमी.

लोह टाकून का भागत नाही

जमिनीत लोह कमी नसतंच. सामू एकाने वाढला की मातीच्या पाण्यात विरघळलेलं लोह साधारण हजारपटीने कमी होतं. साडेसहा सामूच्या जमिनीतून आठच्या जमिनीत झाड आणून लावलं, तर लोहाचं भांडार तेवढंच, कुलूप मात्र लागलेलं. हरितद्रव्य तयार करायला लोह लागतं, ते मुळाला मिळत नाही, म्हणून पान पिवळं.

आप्पांचा पहिला सल्ला हिराकस (फेरस सल्फेट) शेणखतात मुरवून टाकायचा होता, आणि उसासाठी तो अगदी बरोबर आहे. तिथे पीक वर्ष-दीड वर्षाचं, मुळं सरीत, फवारणी पानापर्यंत पोचते. पंचवीस फुटांच्या झाडाचं गणित वेगळं आहे. नुसतं हिराकस चुनखडीच्या मातीत पडलं की त्याचा बघता बघता गंज होतो. आमच्या पदपथावर त्याचे तपकिरी डाग अजून आहेत. पानांवर मात्र त्याचा मागमूस नव्हता.

सामू उतरवायला टाकतात त्या गंधकाचं गणित मी कागदावर मांडलं तेव्हा हात टेकले. एक किलो चुना मारायला साधारण ३२० ग्रॅम गंधक लागतं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा फूट खोल माती म्हणजे जवळपास २०० किलो. त्यात दहा टक्के चुना धरला तर २० किलो चुना, आणि तो संपवायला सहा किलोहून जास्त गंधक, तेही एका चौरस मीटरला. मध्यम झाडाची मुळं सहा मीटरच्या त्रिज्येत धरली तरी ११३ चौरस मीटर. म्हणजे सातशे किलोच्या वर गंधक, आणि ते फक्त वरच्या अर्ध्या फुटापुरतं. दुकानातून आणलेली दहा किलोची पिशवी तिथे काय करणार? ज्या जमिनीत सामू थोडा चढा आहे पण मोकळा चुना नाही, तिथे गंधकाचा उपयोग होतो. फेस येणाऱ्या जमिनीत त्यावर पैसे घालू नका.

चिलेट स्वरूपातल्या लोहाचा, म्हणजे लोहाला धरून विरघळलेलं ठेवणाऱ्या संयुगाचा, उपयोग होतो, पण कुठलं चिलेट ते बघून घ्या. पाकिटावर सगळीकडे 'आयर्न चिलेट' एवढंच ठळक असतं, खरी गोष्ट मागच्या बारीक अक्षरात. ईडीटीए हे सामू साडेसहाच्या पुढे लोहाला धरून ठेवू शकत नाही. डीटीपीए साडेसातपर्यंत कसंबसं तग धरतं. आठच्या पुढे टिकतं ते ईडीडीएचए. सांगली-नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांना हे नाव पाठ असतं, इथे मात्र ते मागून घ्यावं लागतं आणि महागही पडतं. मी पहिली दोन वर्षं ईडीटीए टाकत होते, म्हणजे ते पैसे मातीतच गेले. ईडीडीएचएची पूड लालसर असते, फरशीवर सांडली तर डाग पडतो. पालवी फुटायच्या आधी, पाकिटावरच्या मात्रेने, फांद्यांच्या घेराखालच्या जमिनीत द्यायचं आणि पाण्याने मुरवायचं. फरक दिसतो. तो एका हंगामापुरता असतो, आणि झाड वाढेल तशी मात्राही वाढत जाते.

खोडात भोकं पाडून लोहाचं द्रावण भरतात, तो उपाय याहून जास्त टिकतो. कधी एक, कधी तीन वर्षं. पण प्रत्येक वेळी खोडाला नव्या जखमा होतात, आणि आधीच अशक्त झालेल्या झाडाला त्या भरून काढायच्या असतात. मोठं, जुनं, सावली देणारं झाड वाचवायचं असेल तर जाणकार वृक्षतज्ज्ञाकडून हे करून घेण्यात अर्थ आहे. पाच वर्षांच्या झाडासाठी मी करणार नाही.

पिन ओक वाईट झाड नाही

आपल्याकडे पिवळा पडला म्हणून या झाडाला नावं ठेवली जातात, ते मला पटत नाही. क्वेर्कस पॅलुस्ट्रिस हे त्याचं शास्त्रीय नाव, आणि 'पॅलुस्ट्रिस' म्हणजे दलदलीतलं. अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातल्या नदीकाठच्या सखल, पाणी साचणाऱ्या, आम्लधर्मी जमिनीत ते वाढलं. हिवाळ्यात साचलेल्या पाण्यात काही काळ उभं राहणं त्याला जमतं. वरच्या थरात मुळांचा दाट जारवा असतो, त्यामुळे उपटून दुसरीकडे लावलं तरी पटकन धरतं. नर्सरीवाल्यांना ते आवडतं ते याचसाठी. वाढ जोमदार, साठ-सत्तर फुटांपर्यंत. न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्कमध्ये राहिलेल्यांनी रस्त्याच्या दुतर्फा ते पाहिलं असेल. एडिसनकडे माझ्या मावसबहिणीच्या घरासमोर आहे, तिला केवडा हा शब्द कधी उच्चारावा लागलेला नाही. तिच्या जमिनीत मी शुमार्ड नाही, पिन ओकच लावेन.

त्याची ठेवण लांबूनच ओळखू येते: वरच्या फांद्या वर, मधल्या आडव्या, खालच्या जमिनीकडे झुकलेल्या. मोकळ्या मैदानात हे रूप फार देखणं दिसतं. गाडी लावायच्या जागेशेजारी मात्र खालच्या फांद्या काढाव्या लागतात, आणि काढल्या की त्यांच्या वरच्या खाली झुकतात.

शुमार्ड ओक, क्वेर्कस शुमार्डी, त्याच लाल ओकच्या गटातला. १८६० साली सॅम्युअल बकलीने त्याचं वर्णन केलं आणि टेक्ससचा भूगर्भशास्त्रज्ञ बेंजामिन शुमार्ड याचं नाव दिलं. हाही नदीकाठी वाढतो, पण टेक्सस-ओक्लाहोमात चुनखडीच्या जमिनीतही तो मूळचाच आहे. म्हणून जिथे पिन ओकची मुळं हात टेकतात तिथे हा लोह मिळवू शकतो. एकदा रुजला की उन्हाळाही पिन ओकपेक्षा चांगला सोसतो. उंची साठ ते ऐंशी फूट, कधी जास्त, आणि माथा पिन ओकहून रुंद. डॅलसकडे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पानं लाल होतात. सगळी झाडं सारखी लाल होत नाहीत, काही नुसती विटकरी. रंगासाठीच घ्यायचं असेल तर शरद ऋतूत नर्सरीत जाऊन रंग डोळ्यांनी बघून निवडा.

शुमार्ड लावला तरी पिवळा पडला, असं का?

ही दुसरी फेरी मला फार जणांकडे दिसली, आणि सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो. पहिलं झाड काढलं, शुमार्ड म्हणून दुसरं आणलं, दोन वर्षं छान हिरवं, तिसऱ्या वर्षी तोच केवडा.

लाल ओकच्या गटातली झाडं आपसात सहज संकर करतात. ज्या झाडाखालून बिया गोळा केल्या त्याच्या शेजारी पिन ओक असेल तर रोपांमध्ये त्याचं रक्त येतं. चिठ्ठीवर 'शुमार्ड', अंगात अर्धा पिन ओक. त्यावर 'रेड ओक' एवढंच लिहिलेलं असेल तर काहीच सांगता येत नाही. आमच्या पहिल्या झाडाच्या चिठ्ठीवर तेवढंच होतं, आणि मीही विचारलं नाही.

दोन वर्षं हिरवं राहायचं कारण कुंडीत आहे. नर्सरीतली झाडं पाइनच्या सालीच्या आम्लधर्मी मिश्रणात वाढवलेली असतात. त्या मिश्रणात पिन ओकसुद्धा गडद हिरवा दिसतो. अंगणात लावल्यावर मुळं त्या गोळ्यात आहेत तोवर सगळं ठीक, ती बाहेरच्या काळ्या मातीत शिरली की खरी परीक्षा सुरू. म्हणून कुंडीतल्या पानाच्या हिरवेपणावर भरवसा ठेवू नका. इथल्याच चिकण मातीत वाढवून मुळांच्या गोळ्यासकट काढलेलं झाड मिळालं तर त्याचं पान खरं बोलतं.

ओळख पटवायला मी तीन गोष्टी बघते. हिवाळ्यात फांदीच्या टोकाचा डोळा: पिन ओकचा बारीक, तांबूस तपकिरी, शुमार्डचा मोठा आणि राखाडी, वाळक्या गवताच्या रंगाचा. पान: पिन ओकचं लहान, पाच ते सात पाळ्यांचं, पाळ्या अरुंद, शुमार्डचं मोठं, सात ते नऊ पाळ्यांचं, टोकाकडे पाळ्या रुंद होऊन त्यांना बरेच काटेरी दात. फळ मिळालं तर उत्तमच: पिन ओकचं जेमतेम अर्ध्या इंचाचं, बशीसारखी उथळ टोपी, शुमार्डचं जवळजवळ दुप्पट. पानाच्या मागे शिरांच्या बेचक्यात लव दोघांनाही असते, तिच्यावरून ठरवू नका. लहान झाडाला फळ नसतंच, आणि संकराची पानं मधलीच असतात. म्हणून माझा आग्रह असा की, विकणाऱ्याला थेट विचारायचं: बी कुठल्या झाडाचं, आणि ते झाड कुठल्या जमिनीत उभं आहे? उत्तर देता येत नसेल तर दुसरीकडे बघायचं. मी तिसऱ्या नर्सरीत घेतलं.

झाड अस्सल शुमार्ड असूनही फिकट पडतं, तेव्हा बहुतेकदा पाणी कारण असतं. गवतासाठीचे फवारे रोज सकाळी चालू, चिकण मातीला वाफसा येतच नाही, मुळांना हवा नाही. हवा नसलेल्या मुळाला लोह उचलता येत नाही. थंड, ओल्या वसंतात पहिली पालवी थोडी पिवळट येऊन जूनमध्ये आपोआप सुधारली तर काही करू नका. खोल लावलेलं झाड हे दुसरं कारण. बुंधा जमिनीत सरळ खांबासारखा शिरलेला दिसत असेल तर वरची माती खुरप्याने अलगद बाजूला करा. खाली मुळांकडे पसरत जाणारा भाग दिसायला हवा. आमच्या पिन ओकचा तो भाग चार इंच खाली सापडला आणि एक मूळ बुंध्याला फास घालून बसलं होतं.

आता झाडाचं काय करायचं

पिन ओक बोटभर किंवा मनगटाएवढ्या जाडीचा असेल आणि जमीन फेसाळत असेल, तर काढा. मला हे करायला चार वर्षं लागली, कारण आपण लावलेलं झाड काढवत नाही. पण पिवळं पान पुरेसं अन्न तयार करत नाही, दरवर्षी झाड थोडं थोडं उपाशी राहतं, आणि तेवढ्या वर्षांत योग्य झाड दहा फूट वाढलं असतं. मोठा असेल तर ईडीडीएचए देत राहा, बुंध्याभोवतीचं गवत काढून तीन इंच आच्छादन घाला (बुंध्याला चिकटू न देता), आणि तीस फुटांवर शुमार्ड आत्ताच लावून ठेवा. एक जाईपर्यंत दुसरा सावलीला आलेला असेल.

शुमार्ड घेतलात म्हणून निर्धास्त होऊ नका. लाल ओकचा सगळा गट मर रोगाला, म्हणजे ओक विल्टला, झटकन बळी पडतो. लागण झाली तर काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत झाड जातं. बुरशी पसरवणारे कीटक ताज्या जखमेच्या वासाने येतात. टेक्ससच्या वनखात्याचं सांगणं आहे की फेब्रुवारी ते जून ओकची छाटणी टाळा, आणि कुठल्याही महिन्यात फांदी कापली तरी जखमेवर लगेच रंग लावा. पिन ओकची खालची फांदी गाडीला लागते म्हणून एप्रिलमध्ये करवत काढू नका.

लावायचा तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. खड्डा गोळ्याइतकाच खोल, पण दोन-तीनपट रुंद. भरायला तीच काळी माती. खड्ड्यात विकतची सुपीक माती भरली तर चिकण जमिनीत तो हौद होतो आणि पाणी तिथेच साचतं. पहिले दोन उन्हाळे आळ्यात हाताने पाणी द्या, बोट घालून दोन इंचांवर कोरडं लागलं तरच. कोवळ्या शुमार्डची साल पातळ असते आणि इथलं दुपारचं ऊन नैर्ऋत्येकडून खोडाला भाजतं. सुरुवातीला काही दिसत नाही, मग दोन वर्षांनी त्याच बाजूची साल उभी फाटते आणि आत भुंग्यांच्या अळ्या शिरतात. म्हणून लावल्या दिवशीच जमिनीपासून पहिल्या फांदीपर्यंत झाडाला गुंडाळायचा कागद लावा, दोन वर्षं ठेवा, आणि दर काही महिन्यांनी सोडून आत ओल किंवा मुंग्या नाहीत ना, ते बघून पुन्हा सैलसर बांधा.